डबाअप्पा

अप्पा आधी गिऱ्हाइकाला झापत आणि मग बॉनेट उघडत. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. गाडी दुकानापुढं थांबली की हातातला टेस्टर कानामागं खोचत, कमरेवर हात ठेवत आणि गाडीकडे न बघता आधी माणसाकडे बघत. "ही वायर कुणी जोडली? तूच का? मग आता तूच काढ, म्या बघतो उभा राहून." समोर साहेबाचा ड्रायव्हर असो नाहीतर दुधाचा टेम्पोवाला, अप्पांच्या तोंडाला सगळे सारखे. धाराशिवात बार्शी नाक्याजवळ त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, चार पत्रे आणि एक गाडी मावेल एवढी सावली. लोक तिथं बोलणी खात, घरी येऊन अप्पांच्या नावानं बोटं मोडत आणि गाडी बिघडली की पुन्हा तिथंच जात, कारण अप्पांनी जोडलेली वायर पुन्हा सुटत नसे.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, "अप्पा, एवढं रागावता कशाला? गिऱ्हाईक तुटेल की." ते तेव्हा एका जीपच्या डॅशबोर्डखाली निम्मे आत, निम्मे बाहेर होते. आतूनच म्हणाले, "राग फुकट येतो व्हय मास्तर? राग यायला माणूस आपला लागतो. ज्याचं मला काय न्हाय, त्याला म्या 'या साहेब, बसा साहेब' म्हणतो. काम करतो, लावून देतो." मी हसलो होतो. मास्तर लोकांना अशी वाक्यं गोळा करून वर्गात सांगायची खोड असते, तसं मी तेही दोन-तीनदा वर्गात सांगितलं. त्याचा अर्थ मला कळला असा माझा समज होता.

त्यांचं खरं नाव सिद्रामप्पा. गाव मुरूमच्या पुढं, अगदी सीमेला टेकलेलं. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, आणि शर्टाचा रंग तेलानं मूळचा कुठला ते ओळखू न येणारा. माणसांशी ते मराठीत बोलत आणि वायरींशी कानडीत. एखादी वायर हाताला लागत नसली की आतून हळू आवाज यायचा, "बा इल्ली, बा इल्ली." इकडं ये, इकडं ये. माणसाशी जे मार्दव त्यांनी कधी दाखवलं नाही ते सगळं त्या तांब्याच्या तारांना मिळायचं. मला कानडीतला एकच शब्द येतो, तोही त्यांनीच शिकवलेला. कीलीकै. "कीली म्हंजी कुलूप, कै म्हंजी हात. किल्ली म्हंजी कुलपाचा हात, मास्तर. हात धरून दार उघडायचं. आता ह्या नव्या गाड्यांच्या किल्लीला हातच न्हाय, नुसतं तोंड हाय. दिवसभर बडबड करती. किल्लीला हात असावा, तोंड नसावं."

ही बडबड मला कळली ती आम्ही गाडी घेतली तेव्हा. आमच्या घराण्यातली ती पहिली चारचाकी. माझे वडील पोस्टमन होते. बेंबळीच्या बाजूची गावं त्यांनी तीस वर्षं सायकलवर पालथी घातली. काही गावांत त्यांना पाणी वरून ओंजळीत वाढत, आणि टपाल मात्र हातातून ओढून घेत. हे ते कधी रागानं सांगत नाहीत, त्याचा राग मला येतो. तर गाडी दारात आली त्या दिवशी बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं, पुढच्या खोलीत बुद्धमूर्तीच्या फळीवर मेणबत्ती लावली आणि गाडीची किल्ली मूर्तीपुढं ठेवली. म्हणाले, "ही इथंच राहील." किल्ली म्हणजे काळा, गुळगुळीत, खडीसाखरेच्या मोठ्या खड्याएवढा तुकडा. ती खिशात असली की दार हात लावताच उघडायचं आणि बटण दाबलं की गाडी सुरू. शोरूममधल्या टायवाल्यानं आम्हाला हे तीनदा करून दाखवलं. ती किल्ली घरात कुठं ठेवावी आणि कुठं ठेवू नये, हे एकदाही सांगितलं नाही. एवढी महागाची वस्तू विकता, पेढे देता, हार घालता, फोटो काढता, आणि एक वाक्य सांगताना तुमची जीभ झिजते? मला अजून त्या माणसाचा टाय आठवला तरी संताप येतो.

सांगितलं ते अप्पांनी. गाडी बघायला म्हणून चहाला आले. गाडी अंगणात उभी होती, तिच्याकडे त्यांनी एक नजर टाकली आणि आत आले. खुर्चीवर बसायच्या आधीच फळीवरची किल्ली त्यांना दिसली.

"ह्या भिंतीमागं काय हाय?"

"बोळ आहे," मी म्हणालो.

"बोळात कोन उभं राहतं?"

"कुणीही. लोक लघवीला येतात. बाबांनी भिंतीवर लिहिलंय, तरी येतात."

अप्पांनी कप खाली ठेवला. मग सुरू झाले. "अरे मास्तर, तू शाळा शिकवतो का गाढवं राखतो? एक जण पिशवी घिऊन त्या बोळात उभा ऱ्हाईल. पिशवीत यंत्र. दुसरा गाडीजवळ, त्याच्याकडं दुसरं यंत्र. हितली पिशवी किल्लीची बडबड ऐकंल आन तिकडच्या पिशवीला सांगंल. गाडीला वाटंल मालक आला. दार उघडंल, बटण दाबलं की चालू. काच फुटत न्हाय, कुलूप तुटत न्हाय. तू हितं बसून चहा पीत ऱ्हाशील." त्यावर उपाय त्यांनी तिथंच सांगितला. किल्ली फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायची, भिंतीपासून लांब. डब्यातून तिचा आवाज बाहेर जात नाही.

ते सगळ्यांनाच हे सांगत. अशी गाडी दुकानापुढं आली की काम कसलंही असो, हॉर्नचं असो नाहीतर वायपरचं, अप्पा आधी विचारत, "किल्ली घरी कुठं ठिवता?" कुणी दाराजवळच्या खिळ्याला म्हणे, कुणी देवळीत, कुणी टीव्हीवर. मग झापणं. तेरखेड्याचा एक फटाक्याच्या कारखान्याचा मालक होता, त्यानं किल्ली खिडकीत ठेवतो म्हटल्यावर अप्पा त्याला म्हणाले, "दारूच्या खोलीत काडेपेटी घिऊन जातो का रं तू? मग खिडकीत किल्ली कशी ठिवतो?" तो माणूस त्याच दिवशी बाजारातून डबा घेऊन गेला. बहुतेक लोक मात्र हसले. एवढ्या आधुनिक गाडीची किल्ली मसाल्याच्या डब्यात ठेवायची म्हणजे गावंढळपणा वाटला. त्यांनी अप्पांचं नाव डबाअप्पा ठेवलं. अप्पांना ते कळलं होतं. त्यांचं म्हणणं, नाव काय का ठेवीनात, किल्ली डब्यात ठेवली म्हणजे झालं.

आणि नुसत्या डब्यावर त्यांचं समाधान नसे. बिस्किटाचा रंगवलेला डबा चालत नाही, झाकण चेपलेलं असलं तर चालत नाही, हे त्यांनी स्वतः डबे आणून, किल्ल्या घालून ताडून बघितलं होतं. डब्यात किल्ली घालून झाकण लावायचं, डबा हातात धरून गाडीच्या दाराशी उभं राहायचं आणि दाराच्या कडीला हात लावायचा. दार उघडलं तर डबा फेकून द्यायचा. "डब्यावर भरोसा ठिवू नको, दारावर ठिव. दार खोटं बोलत न्हाय." रस्त्यात कुणाच्या हातात डबा दिसला तरी ते त्याला गाडीपाशी नेऊन कडीला हात लावून बघत.

आमच्या घरी मात्र डबा आला नाही. बाबा म्हणाले, "डब्यात झाकून ठेवायला ती काय चोरून आणलीय? उघडी राहील. मानानं राहील." मी समजावलं, बायकोनं समजावलं. बाबा ऐकायला तयार नव्हते. मी अप्पांना जाऊन सांगितलं तेव्हा वाटलं, आता बाबांनाही शिव्या बसणार. अप्पांनी टेस्टर कानामागं खोचला. मग म्हणाले, "बाबाचं खरं हाय. जन्मभर झाकूनच ठिवलं त्या माणसानं, आता कशाला झाकंल? पर तू मूर्ख हायस. किल्ली हलत न्हाय ना? मग गाडी हलू नये असं करू."

म्हणजे चोरबटण. चोरकप्पा असतो ना कोटाला, तसं. सीटखाली, कुणाच्या डोळ्याला दिसणार नाही अशा जागी एक बटण. ते दाबल्याशिवाय इंजिनाकडे वीज जायची नाही. चोरानं दार उघडलं तरी गाडी जागची हलणार नाही. अप्पांनी माझी गाडी आणि किल्ली दोन दिवस ठेवून घेतली आणि बटण बसवलं. काम असं की वायर कुठून आली आणि कुठं गेली ते मला दाखवूनही कळलं नाही. ते म्हणाले, "अर्धी वायर लई वाईट. जोडायची तर पुरी जोडायची, न्हाय तर हात लावायचा न्हाय. अर्ध्या वायरीनं आग लागती." हेही ते सगळ्यांना सांगत.

मग पहिली फुकट सर्व्हिसिंग आली. शोरूमच्या माणसानं सीटखाली वाकून पाहिलं आणि चेहरा असा केला की गाडीत मेलेला उंदीर सापडला आहे. "बाहेरचं काम केलंय सर. वॉरंटी गेली समजा." मी शिकलेला माणूस, कॉलेजात मराठी शिकवतो, मुलांना सांगतो की प्रश्न विचारा. मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. कोणत्या नियमात बसतं, लिहून दे, वरच्या साहेबाशी बोलू दे, काही नाही. टाय बघितला की आपली जात अजून मान खाली घालते, मास्तरांची जात म्हणतोय मी. सरळ अप्पांकडे गेलो आणि म्हणालो, काढून टाका.

त्या दिवशी अप्पा जितके रागावले तितके मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. शेजारचा पंक्चरवाला काम सोडून बघायला आला. "तुला शोरूमवाल्याची भीती वाटती, चोराची न्हाय वाटत! अरे, गाडी गेल्यावर वॉरंटीचा कागद घिऊन काय चाटणार?" बोलत बोलतच त्यांनी वायर काढली. बटण मात्र तसंच राहू दिलं. "ऱ्हाऊ दे. उद्या अक्कल आली तर वायर जोडायला येतो." काढण्याच्या कामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, आणि मी त्यात त्यांचा मोठेपणा पाहिला. ते मला शिक्षा करत होते, हे मला आता समजतं.

गाडी गेली ती मे महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी. मी मागच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होतो. कूलर चालू होता. बाबा पुढच्या खोलीत आडवे झाले होते. त्यांना बोळात पावलं ऐकू आली म्हणून त्यांनी खिडकीतून डोकावलं. एक माणूस भिंतीकडे तोंड करून उभा, पोटाशी पिशवी. बाबांनी लाजेकाजेनं मान फिरवली. माणूस त्या स्थितीत उभा असताना त्याच्याकडे बघायचं नाही, ही आपली रीत. थोडा वेळ गेल्यावर आतूनच म्हणाले, "अहो, भिंतीवर लिहिलेलं दिसत नाही का?" तो म्हणाला, "माफ करा बाबा, लई जोराची लागली व्हती." आणि गेला. दरम्यान अंगणातून गाडी निघून गेली होती. बाबांना वाटलं, मी घेऊन गेलो. अर्ध्या तासानं मी चहाला बाहेर आलो तेव्हा दोघांनी एकमेकांना विचारलं, गाडी कुठंय. किल्ली फळीवर मूर्तीपुढं होती तशीच, उघडी आणि मानानं.

इथपर्यंत सगळा राग मी दुसऱ्यांवर काढू शकतो. पुढचा काढता येत नाही.

विमा कंपनीचा माणूस आला. दोन्ही किल्ल्या, फळीवरची आणि कपाटातली जादाची, मागून घेतल्या, अंगणात फिरला, फुटलेल्या काचेचा एक तुकडाही सापडला नाही म्हणून नाराज झाला. मग कागद काढून प्रश्न विचारायला लागला. "गाडीत बाहेरच्या मेकॅनिककडून वायरिंगचं काही काम करून घेतलं होतं का?" त्याच्या स्वरावरून मला कळलं की 'हो' म्हटलं की विमा गेला. मी म्हणालो, "नाही." त्याचा पुढचा प्रश्न, "किल्ली घराबाहेर कुणाच्या ताब्यात होती का?" एका खोट्यानंतर दुसरं खोटं बोलायचा मला धीर झाला नाही. म्हणून मी खरं बोललो. "दोन दिवस सिद्रामप्पांकडे होती." हेच दोन्ही जबाब मी पोलिसांतही दिले. सही मराठीत, ठळक अक्षरात.

ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून बघा. काम काही केलेलं नाही, आणि किल्ली दोन दिवस त्या माणसाकडे. कशाला होती मग? शिवाय हाच माणूस गावभर सांगत फिरतो की गाडी कशी चोरतात. हवालदारानं मान हलवली, त्याला आरोपीचा धागा मिळाला होता. बाबा त्याला पुन्हा पुन्हा बोळातल्या पिशवीवाल्याचं सांगत होते. हवालदार म्हणाला, "बाबा, लघवीला आलेल्या माणसावर संशय घ्यायचा म्हटल्यावर अर्धं गाव आत टाकावं लागंल."

अप्पांना चौकशीला बोलावलं. पहिल्या दिवशी त्यांनी खरं तेच सांगितलं, की गाडी चोरीला जाऊ नये म्हणून चोरबटण बसवलं होतं आणि मास्तरनं ते काढायला लावलं. तेव्हा त्यांच्यापुढं माझा जबाब ठेवला. काम काही केलेलं नाही, खाली माझी सही. कॉलेजात शिकवणारा माणूस खोटं कशाला बोलेल? हे मला नंतर तिथल्याच एका ओळखीच्या कारकुनानं सांगितलं. अप्पांनी तो कागद दोनदा वाचला म्हणे. चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मास्तरांनी तसं लिहिलं असंल तर तसंच असंल." त्यानंतर ते त्या बाबतीत एक शब्द बोलले नाहीत. माझा विमा बुडू नये म्हणून गप्प राहिले.

आठ दिवस त्यांना रोज बोलावलं. हात कुणी लावला नाही. नुसतं व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसवून ठेवायचे, दहा ते पाच. बाकडं रस्त्यावरून दिसायचं. येणारा-जाणारा बघायचा. कधी एखादा अधिकारी म्हणायचा, कशी चोरतात ते करून दाखव की. करून दाखवलं तर चोर, नाही दाखवलं तर लपवतोय. गावाला नवीन विषय मिळाला. ज्यांनी डबाअप्पा नाव ठेवलं होतं तेच म्हणू लागले, "तरीच म्हटलं, ह्याला एवढं कसं ठाऊक." ज्या माणसानं चोरापासून सावध केलं तोच चोर, हा न्याय आपल्याकडे फार जुना आहे आणि फार सोयीचा आहे. सावध करणाऱ्याला चोर म्हटलं की आपण ऐकलं नाही याची लाज वाटत नाही.

चौथ्या दिवशी मी त्या बाकड्यापाशी गेलो. अप्पा मला बघताच उभे राहिले आणि सुरू झाले, हळू आवाजात, पण तेच ते जुनं झापणं. "काय सांगितलं व्हतं तुला? अर्धी वायर लई वाईट! किल्ली माझ्याकडं व्हती म्हणून सांगितलं, आन कशाला व्हती ते गिळलं? अर्धंच जोडलंस. लागली ना आग? जा आत, आन पुरं बोल." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं, हे खरं सांगतो. रागावताहेत म्हणजे अजून आपलं मानताहेत, एवढं मला कळत होतं. मी म्हणालो, "अप्पा, बोलतो. फक्त विमा एकदा मंजूर होऊ द्या. तोवर थोडं थांबा."

कानामागं टेस्टर नव्हता तरी त्यांचा हात तिथं गेला. मग ते बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "बरं साहेब."

मला तेव्हा नीट ऐकू आलं नाही की मी ऐकून घेतलं नाही, देव जाणे. मी घरी आलो. बाबांना सांगितलं की अप्पांना भेटून आलो, ते समजून घेतील. बाबांनी फळीवरची मेणबत्ती विझवली आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

विमा मंजूर झाला. त्याला वेळ लागला, तोवर अप्पांचं दुकान टिकलं नाही. पोलिसांनी त्यांना सोडलं होतं, पुरावा काहीच नव्हता. गिऱ्हाइकांनी मात्र नाही सोडलं. ज्याला त्याला वाटायचं, गाडी इथं लावली तर किल्लीची नक्कल होईल. एके दिवशी मी नाक्यावरून गेलो तर पत्रे उतरवलेले. पंक्चरवाला म्हणाला, गावाकडं गेले. कुठल्या दिवशी गेले ते मी विचारलं नाही, कारण मला ते आधी माहीत असायला हवं होतं. विमा मंजूर झाल्यावर मी पुरं बोलायला गेलो का? नाही. आता काय उपयोग, माणूस तर गेला, असं मी स्वतःला समजावलं. त्या माझ्या शहाणपणावर मी आज थुंकतो.

मग चोर सापडले. दुसऱ्या जिल्ह्यात, दोघे, जवळ दोन पिशव्या आणि त्यात यंत्रं. आमच्यासारख्याच पाच-सहा गाड्या त्यांनी कबूल केल्या, त्यात आमचीही. पेपरात बोटभर बातमी आली. तिच्यात अप्पांचं नाव नव्हतं. ते बाकड्यावर बसले होते तेव्हा मात्र त्यांचं नाव सगळ्या गावाच्या तोंडी होतं. त्या कारकुनाला मी विचारलं, अप्पांना कुणी कळवलं का? तो म्हणाला, "त्यांना काय कळवायचं? ते आरोपी थोडेच होते."

मी मुरूमच्या पुढं त्यांच्या गावी गेलो. नवीन गाडीनं. होय, पुन्हा तसलीच घेतली, बिनहाताच्या किल्लीची, आणि या खेपेला डबा घेतला होता. बाबांनी स्वतः बाजारातून आणलेला, फिरकीच्या झाकणाचा. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. घर सापडायला वेळ लागला नाही. अप्पा ओसरीवर एका पाण्याच्या पंपाची वायर सोलत बसले होते आणि वायरीशी बोलत होते, "बा इल्ली." मला बघून ते उठले, हात पुसले.

"या साहेब. बसा."

मी म्हणालो, चोर सापडले. तुमच्यावर आता काही राहिलं नाही. "चांगलं झालं," ते म्हणाले. मी म्हणालो, माझं चुकलं, मी पुरं बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "आपण कशाला एवढ्या लांब त्रास घेतलात? चहा घेणार ना?" लई नाही, न्हाय नाही, व्हय नाही. अप्पा माझ्याशी पुस्तकातली मराठी बोलत होते. चहा आला. मी बाबांची खुशाली सांगितली, त्यांनी पावसाचं विचारलं. असल्या गप्पा मी त्यांना फक्त तहसीलच्या बाबूंशी मारताना पाहिलं होतं.

निघताना त्यांना माझ्या हातातला किल्ली घातलेला डबा दिसला. जुनी सवय. ते न बोलता गाडीपर्यंत आले, मला दाराशी उभं केलं आणि कडीला हात लावला.

दार उघडलं. आरसे आपोआप बाहेर आले, दिवे लुकलुकले. डब्याचं झाकण एका बाजूनं चेपलं होतं, प्रवासात कधीतरी दबलं असेल, मी बघितलंच नव्हतं. मी मान खाली घालून उभा राहिलो. आता सुरू होतील. गाढवं राखतोस का म्हणतील. एवढं होऊनही अक्कल आली नाही म्हणतील. म्हणा, अप्पा. सगळ्या गावासमोर म्हणा.

अप्पांनी दार हळूच लावलं. शर्टाच्या बाहीनं कडीवरचा आपल्या बोटांचा डाग पुसला.

"छान आहे गाडी," ते म्हणाले. "सावकाश जा, साहेब."

घरी पोचलो तेव्हा बाबा पुढच्या खोलीत बसले होते. फळीवर मूर्तीपुढची जागा रिकामीच होती. त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला, झाकणावरून बोट फिरवलं, चेपलेल्या जागी थांबले.

"अप्पांनी बघितलं का हे?"

"बघितलं."

"रागावले?"

"नाही."

बाबांनी डबा माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "मग तू आलास कशाला परत? रागावेपर्यंत थांबायचं होतंस."